जोडाच्या शेजारी

सकाळचे सात. मॅनिटोबा. उणे एकतीस.
कॉर्नी हीबर्ट शटरला खांदा लावतो,
शटर आधी नाही म्हणतं,
मग कुरकुरत वर जातं.
आत दिवे लागले तरी लोखंडाची अजून रात्रच असते.

थंड पोलादाला थेट डाग द्यायचा नाही.
आधी टॉर्चने शेकायचं,
बाळंतिणीची पाठ शेकावी तसं, सावकाश, सगळीकडून.
कॉर्नी म्हणतो, आल्या आल्या कुणाला कामाचं विचारू नये.

फळ्यावर खडूने:
पेनरचा धान्याचा ऑगर, पातं, तिसऱ्यांदा.
शाळेच्या झोक्याची कडी.
चर्चच्या पायऱ्यांना कठडा, डावीकडे,
कारण मिसेस टॉरफिन्सनचा उजवा खांदा गेलाय.
चढताना जो डावा तो उतरताना उजवा,
हे कठडा बसेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.
म्हणून आज दुसरा. त्याचं बिल नाही.

शिवाय जुन्या प्रोपेनच्या टाकीची एक भट्टी,
मांसाला धूर द्यायची.
गिऱ्हाइकाला तिला चाकं हवीत, धुराडं हवं,
आणि पुढे डुकराचं तोंड.
टाकी कापण्याआधी पाण्याने काठोकाठ भरायची.
वास गेला असं आपल्याला वाटतं,
टाकीला तसं वाटत नसतं.

तोंड माझ्याकडे.
पहिले कान कुत्र्याचे झाले, दुसरे सशाचे.
तिसऱ्यांदा कॉर्नी मागे येऊन उभा राहिला.
झालं डुक्कर, म्हणाला, आता थांब,
नाहीतर बोलायला लागेल.

दुपारी ओरेस्ट हुमेन्युक आला.
ट्रॅक्टरचा ओढदांडा, दोन तुकडे,
घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन.
पिकअपला मागे एवढी जागा असताना.
दांड्यावर त्याच्या बापाची झाळ होती, एकोणसत्तर सालची,
कबुतर शिटल्यासारखी, गोळ्यागोळ्यांची,
मळीसुद्धा पुरती झाडलेली नाही.
नवं काय लावायचं ते लाव, ओरेस्ट म्हणाला,
पण त्याच्यावर ग्राइंडर फिरवू नकोस.

कॉर्नीने चष्मा कपाळावर चढवला, दांडा उजेडात धरला.
मीही वाकले.
तडा झाळेतून गेलाच नव्हता,
बोटभर बाजूने गेला होता.

म्हणजे बाबांचं धरलं?
धरलं, कॉर्नी म्हणाला.

ओरेस्टने घोंगडीची घडी घातली,
उलगडली, पुन्हा घातली,
आणि कॉफी नको म्हणून गेला.

पिकअप वळणाआड गेल्यावर कॉर्नी बोलला:
म्हाताऱ्याने ताव फार दिला.
असं केलं की जोड टिकतो,
शेजारचं पोलाद ठिसूळ होतं.
पन्नास वर्षं लागली, पण तुटलं ते त्याच्यामुळेच.

मग सांगितलं का नाही?

त्याने दांडा आणला होता, कॉर्नी म्हणाला.
बापाची तपासणी नव्हती मागितली.

मी मुखवटा खाली ओढला.
काळ्या काचेआड एक हिरवा ठिपका,
आणि त्याच्याभोवती कुणीच नाही.
आमच्या घरी सगळा ताव माझ्या वाट्याला आला.
आई माझ्यावर ओरडायची, माझ्यावर रडायची,
माझ्याचसाठी रात्र रात्र जागायची.
मी टिकले.
भाऊ शेजारच्या खोलीत होता.

हात हलला. तेवढा इंच पुन्हा घासून काढला,
पुन्हा शेकला, पुन्हा भरला.
मग दांडा राखेच्या पिंपात पुरला,
रात्रभर हळूहळू निवू दे म्हणून.
घाईने निवलेलं कधी ना कधी तडकतं.

केसांत लोखंडाची भुकटी, नाकात जळका वास.
शटर पडण्याआधी बिल मीच लिहिलं:

ओढदांडा, एक. नवा जोड, एक.
जुनी झाळ: हात लावलेला नाही.

कॉर्नीने वाचलं, पेन मागितलं,
आकड्यातून दहा डॉलर कमी केले
आणि भावाचा नंबर आहे का, असं विचारलं.
मी कधी काही बोलले होते त्याला, आठवत नाही.